बुबुळात दिसलेली ‘बुरशी’ खरोखर बुरशी आहे का? पाण्यातून येणाऱ्या रोगजंतूंची जलद जनुकीय ओळख

पूर्व विदर्भातील एका सहकारी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी असे विचारले आहे : रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांमध्ये राबणारे शेतकरी आणि मजूर बुबुळावर व्रण घेऊन त्यांच्या रुग्णालयात येतात. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात, पण कल्चरचा, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, अहवाल हाती येईपर्यंत आठवडा उलटतो आणि तोवर काही डोळे हातचे जातात. कोविडच्या काळात मिळालेले आरटी-पीसीआर यंत्र प्रयोगशाळेत आहे. पाण्यातून येणाऱ्या रोगकारक बुरशीची ओळख त्यावर त्याच दिवशी पटवता येईल का, त्यासाठी कोणते जनुक निवडावे आणि बांधीतले व तलावातले पाणीही तपासावे का?

ओळख त्याच दिवशी पटवता येते, आणि आपल्याकडे असलेल्या यंत्रावरच पटवता येते. मात्र यंत्राकडे वळण्याआधी प्रश्नाची मांडणी थोडी बदलावी, अशी माझी विनंती आहे. ‘ही कोणती बुरशी आहे?’ हा प्रश्न आपण दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पाण्यात आणि चिखलात काम करणाऱ्या रुग्णाच्या बुबुळात तंतू दिसले, तर ‘ही मुळात बुरशी आहे का?’ हे आधी विचारले पाहिजे, कारण त्या रात्री डोळ्यात कोणते थेंब पडणार हे याच उत्तरावर ठरते.

हे मी पिथियम इन्सिडिओसम या जीवामुळे म्हणत आहे. दिसायला तो बुरशीसारखा आहे, तंतूंनीच वाढतो, बुरशीच्या माध्यमांवर उगवतो आणि म्हणून अनेक वर्षे बुरशीच्याच रकान्यात नोंदवला गेला. प्रत्यक्षात तो ऊमायसीट या बुरशीसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या वर्गातील असून नात्याने तपकिरी शैवाल व डायटम (एकपेशीय शैवाल) यांच्या जवळचा आहे. त्याच्या पेशीभित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोज आणि बीटा-ग्लुकन असतात, कायटिन जवळपास नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल, म्हणजे खऱ्या बुरशीच्या पटलातला मुख्य स्निग्ध घटक, नसते. नाटामायसिन, अँफोटेरिसिन आणि अझोल गटातील सर्व बुरशीविरोधी औषधे एर्गोस्टेरॉलवर किंवा त्याच्या निर्मितीवर घाव घालतात. जिथे लक्ष्यच नाही, तिथे औषध किती वेळा घातले याने फारसा फरक पडत नाही.

या रोगाचे आपल्या देशाशी जुने नाते आहे. भारतातील ब्रिटिश पशुवैद्यकांनी १८८४ मध्ये घोड्यांच्या अंगावरील चिघळणाऱ्या, गाठी धरणाऱ्या जखमांचे वर्णन केले होते. पावसाळ्यात उद्भवणारा रोग म्हणून त्याचे चालू नाव ‘बरसाती’ असे होते. त्या एका नावाखाली निरनिराळे रोग मोडत असावेत, परंतु त्यांतील एक हाच होता. इन्सिडिओसम, म्हणजे दबा धरून घात करणारा, हे आजचे नाव त्याला १९८७ मध्ये मिळाले. साचलेल्या गोड्या पाण्यात, बुडालेल्या पानांवर आणि गवतावर तो वाढतो व दोन कशाभिका (शेपटीसारखे धागे) असलेले पोहणारे चलबीजाणू सोडतो. हे चलबीजाणू जखमी ऊतीकडे ओढले जातात, तिथे चिकटतात आणि तंतू काढतात. धानाचे पाते डोळ्याला लागणे आणि लगेच त्याच बांधीतल्या पाण्याने डोळा धुणे, ही आपल्या रुग्णांची नित्याची हकिगत या जीवनचक्राशी किती तंतोतंत जुळते ते पाहावे.

मानवी डोळ्यातील पिथियमची नोंद थायलंडमधून होत होती, तरी आपल्याकडे त्याकडे उशिरा लक्ष गेले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये डीएनए सिक्वेन्सिंग आणि चलबीजाणूंची निर्मिती या दोन कसोट्या लावून असे रुग्ण ओळखून दाखवले. नंतर तामिळनाडूतूनही रुग्णमालिका प्रसिद्ध झाल्या. माझ्या मते रोग तेव्हा नव्याने आला नव्हता, तो तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला गेला.

हे मी स्वतःच्या अनुभवावरूनही सांगतो. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत भातशेतीत काम करणाऱ्या एका बाईंच्या बुबुळाचा नमुना माझ्याकडे आला होता. रुंद, जवळजवळ आडपडदे नसलेले तंतू दिसले, बशीवर रंगहीन आणि बीजाणू न धरणारी वाढ आली आणि मी ‘बुरशी, प्रजाती ओळखता आली नाही’ असे लिहून सही केली. त्या अहवालावर विसंबून नाटामायसिन चालू राहिले आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांचे बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. निर्जंतुक पाण्यात जपून ठेवलेल्या त्या वाढीचे सिक्वेन्सिंग काही वर्षांनी केले, तेव्हा ते पिथियम निघाले. ‘बीजाणू न धरणारी, ओळख न पटलेली बुरशी’ हे शब्द आपल्या जुन्या नोंदवहीत असतील, तर त्या वाढी जिवंत आहेत का ते आधी पाहावे, कारण आपल्या जिल्ह्याचा इतिहास कदाचित त्यांतच आहे.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येतो. जनुकीय चाचणीचा वेग पहिल्या अर्ध्या तासात, काचपट्टीवरच ठरतो. केओएचमध्ये, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, रुंद, फितीसारखे, विरळ आडपडद्यांचे, काटकोनात फांद्या फुटणारे तंतू आणि मधूनमधून फुगीर पुटिका दिसल्या, तर पिथियमचा संशय घ्यावा. येथे एक सावधगिरी हवी. कॅल्कोफ्लुअर व्हाइट हे रंगद्रव्य कायटिन आणि सेल्युलोज दोन्हींना चिकटते, त्यामुळे तंतू लखलखीत दिसले याचा अर्थ बुरशी ठरली असा होत नाही. फरक दाखवणारी स्वस्त चाचणी पोटॅशियम आयोडाइड आणि सल्फ्युरिक आम्लाची आहे. सेल्युलोज असलेले पिथियमचे तंतू तिच्यात निळसर काळे होतात, तर खऱ्या बुरशीचे पिवळट तपकिरी राहतात. आम्लामुळे चष्मा आणि हातमोजे आवश्यक आहेत, पण कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी ही चाचणी होऊ शकते. नेत्रतज्ज्ञांनी बुबुळात जाळीसारखे ठिपके, व्रणाच्या कडेने निघालेल्या सोंडेसारख्या रेषा किंवा कडेला पडलेली खाच कळवली असेल, तर आपला संशय अधिक बळकट होतो.

नमुना घेण्याबाबत नेत्रविभागाशी एकदा समक्ष बसून बोलावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण पीसीआर निष्फळ ठरण्याची बरीच कारणे प्रयोगशाळेच्या बाहेर असतात. फ्लुओरेसिन रंग आणि भूल देणारे काही थेंब पीसीआरच्या विकराला अडथळा करतात. म्हणून डोळा सलाइनने नीट धुऊन मगच खरवड घ्यावी. पहिली खरवड काचपट्टीसाठी, दुसरी कल्चरसाठी आणि तिसरी थेट डीएनए-निष्कर्षणाच्या द्रावणात जावी. व्रणाच्या मधल्या मऊ पुवापेक्षा कडेच्या आणि तळाच्या भागात जिवंत तंतू अधिक मिळतात. कल्चरसाठीचा नमुना बर्फाच्या पेटीत पाठवू नये. सर्व नमुने थंड ठेवण्याची आपली सवय येथे घातक ठरते, कारण पिथियमला गारवा सोसत नाही आणि चार अंश तापमानात ते मरू शकते. डीएनएसाठीच्या नमुन्याला हा नियम लागू नाही.

डीएनए काढताना विषाणूंसाठीचे निष्कर्षण संच जसेच्या तसे वापरू नयेत. विषाणूचे कवच रसायनाने सहज फुटते. फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस आणि विशेषतः काळ्या रंगद्रव्याच्या बुरशींची भित्तिका मात्र काचेच्या किंवा झिर्कोनियाच्या बारीक मण्यांबरोबर जोराने हलवल्याशिवाय पुरेशी फुटत नाही. पिथियम त्या मानाने लवकर फुटते. ही पायरी वगळली, तर पिथियम सापडते, फ्युजेरियम निसटते आणि आपले सगळे आकडे एका बाजूला झुकतात. मण्यांनी भित्तिका फोडल्यानंतर ते द्रावण पुढच्या पायऱ्यांसाठी नेहमीच्या संचातून न्यायला हरकत नाही.

यंत्रावर मी तीन लक्ष्यांची, म्हणजे शोधायच्या तीन जनुकखंडांची, मांडणी करतो. पहिले लक्ष्य पिथियम इन्सिडिओसमसाठी विशिष्ट हवे. आयटीएस (रायबोसोमच्या जनुकांमधला, प्रजातीनुसार बदलणारा) प्रदेशातील विशिष्ट क्रम, सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या दुसऱ्या उपघटकाचे जनुक आणि एक्सो-१,३-बीटा-ग्लुकनेजचे जनुक या तिन्हींवर आधारलेल्या चाचण्या प्रसिद्ध झालेल्या आहेत. दुसरे लक्ष्य अनेक बुरशींना सामाईक असलेल्या रायबोसोमच्या प्रदेशातील असावे. तिसरे मानवी आरनेज-पी जनुकाचे. हे तिसरे लक्ष्य आपल्या कर्मचाऱ्यांच्या ओळखीचे आहे, कारण कोविडच्या अनेक चाचण्यांत तेच अंतर्गत नियंत्रण म्हणून वापरले जात होते आणि ते मानवी डीएनएवरही उमटते. ते उमटले नाही, तर नमुन्यात ऊतीच आलेली नाही किंवा विकर अडले आहे. अशा वेळी ‘नकारात्मक’ असा अहवाल देऊ नये. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावावा, आणि तरीही न उमटल्यास नवा नमुना मागवावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारा किंवा तळ्यात पोहलेला रुग्ण असेल, तर अकँथामिबा या अमीबाच्या १८एस जनुकाची वेगळी नळी लावावी. तोही पाण्यातूनच येतो आणि त्याचे औषध पूर्ण वेगळे आहे.

या मांडणीतील पहिल्या दोन उत्तरांचा एकत्रित अर्थ मला सर्वांत उपयोगी वाटतो. काचपट्टीवर तंतू स्पष्ट आहेत, आरनेज-पी व्यवस्थित उमटले आहे, परंतु बुरशींचे सामाईक लक्ष्य उमटलेले नाही, असे झाले तर चाचणी बिघडली असे समजून कागद बाजूला ठेवू नये. बुरशींसाठी बनवलेले अनेक सामाईक प्रायमर (हवा तो जनुकखंड हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) ऊमायसीटांना पकडत नाहीत. त्यामुळे अशी नकारात्मकताच पिथियमकडे बोट दाखवते. पिथियमचे विशिष्ट लक्ष्य त्याच नमुन्यात उमटले, तर सकाळी दहाला घेतलेल्या नमुन्याचा निर्णय संध्याकाळपर्यंत नेत्रतज्ज्ञांच्या हाती असतो.

त्या निर्णयाने उपचार कसा बदलतो, हेही माहीत असावे. हैदराबादमधूनच २०१८ मध्ये पिथियमसाठी ०.२ टक्के लिनेझोलिड आणि १ टक्का अ‍ॅझिथ्रोमायसिनचे थेंब, जोडीला तोंडावाटे अ‍ॅझिथ्रोमायसिन, अशी योजना मांडली गेली. जीवाणूंवरील ही औषधे त्याच्या प्रथिननिर्मितीत अडथळा आणतात असे मानले जाते. तरीही खोलवर गेलेल्या संसर्गात लवकर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि त्यासाठी नेत्रतज्ज्ञांना दिवस मोजून हवे असतात. याउलट फ्युजेरियमबाबत दक्षिण भारतात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नाटामायसिन हे व्होरिकोनाझोलपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले. म्हणजे बुरशी आणि पिथियम यांच्यातील रेघ त्याच दिवशी ओढलीच पाहिजे, तर फ्युजेरियमच्या नेमक्या प्रजातीसाठी चार दिवस थांबता येते. मर्यादित मनुष्यबळ असलेल्या प्रयोगशाळेने आपली घाई कुठे खर्च करावी, याचा हा माझा निकष आहे.

प्रजातीच्या नावासाठी सिक्वेन्सिंग लागते आणि ते बाहेर पाठवले तरी चालते. आयटीएस१ आणि आयटीएस४ ही १९९० पासून वापरात असलेली प्रायमरजोडी पहिल्या टप्प्याला पुरेशी आहे व ती ऊमायसीटांवरही चालते. तिच्या मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्यात. फ्युजेरियम सोलानी हे एका प्रजातीचे नाव राहिलेले नाही, तो अनेक प्रजातींचा समूह आहे आणि त्यांतील भेद आयटीएसवरून नीट सुटत नाहीत. तिथे ट्रान्सलेशन इलाँगेशन फॅक्टर १-अल्फा आणि आरपीबी२ ही जनुके वाचावी लागतात. अ‍ॅस्परजिलससाठी कॅल्मोड्युलिन किंवा बीटा-ट्यूब्युलिन वाचावे. अमेरिकेतील घरांच्या आणि इमारतींच्या सांडपाण्याच्या नळांमधून फ्युजेरियमचे नेमके तेच जनुकीय प्रकार मोठ्या प्रमाणात सापडले, जे मानवी संसर्गात वारंवार दिसतात. २००६ च्या सुमारास तिथे कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांमध्ये फ्युजेरियमच्या बुबुळ-संसर्गाची साथ आली आणि १६४ रुग्ण निश्चित झाले. अशा साथीत एकच प्रकार पसरला की निरनिराळे प्रकार निरनिराळ्या घरांतून आले, हे केवळ आयटीएस वाचून कळत नाही.

सार्वजनिक जनुकसंग्रहातील पहिले नाव उचलून अहवालात लिहू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सतत सांगतो. जेनबँकेतील अनेक नोंदी चुकीच्या नावांनी भरलेल्या आहेत. जुळणीची टक्केवारी पाहण्याबरोबरच क्रमाची किती लांबी जुळली ते पाहावे, आणि युट्रेक्टच्या वेस्टरडाइक संस्थेसारख्या संग्रहातील प्रमाणित नमुन्यांच्या क्रमांशी तुलना करावी. पिथियमच्या इतर जाती पिकांच्या मुळांवर सर्वत्र असतात आणि क्वचित माणसातही सापडलेल्या आहेत. त्यामुळे ‘पिथियम’ एवढे नाव पुरेसे नाही, इन्सिडिओसम असल्याची खात्री हवी.

जंतूंच्या प्रथिनांच्या वस्तुमानावरून त्यांना ओळखणारे मॅल्डी-टॉफ यंत्र उपलब्ध असेल, तर उगवलेल्या वाढीची ओळख काही मिनिटांत होते. परंतु आपल्या यंत्राच्या संदर्भसंग्रहात पिथियम आहे की नाही, हे आधी तपासावे. संग्रहात नसलेला जीव यंत्र ओळखू शकत नाही. लॅम्प पद्धतीविषयी आपण विचारलेले नाही, तरी दोन शब्द लिहितो. ६० ते ६५ अंशांच्या एकाच तापमानाला तासाभरात चालणारी ही चाचणी उपजिल्हा रुग्णालयासाठी योग्य आहे आणि पिथियमसाठी ती विकसितही झालेली आहे. परंतु तिच्यात डीएनए इतका प्रचंड वाढतो की अभिक्रिया झालेली एक नळी उघडली, तरी त्या खोलीतील पुढच्या कित्येक चाचण्या खोट्या सकारात्मक येऊ शकतात. नळी न उघडता रंगबदल वाचता येत असेल, तरच ती स्वीकारावी.

दूषिततेचा प्रश्न बुरशीच्या बाबतीत विषाणूंपेक्षा कठीण आहे. बुरशीचे बीजाणू खोलीच्या हवेत असतात आणि त्यांचा डीएनए काही वेळा विकत आणलेल्या रसायनांतही असतो. म्हणून प्रत्येक खेपेला नमुना न घालता संपूर्ण निष्कर्षणातून नेलेली एक कोरी नळी लावलीच पाहिजे. केवळ पीसीआरच्या टप्प्यावरचे पाण्याचे नियंत्रण पुरत नाही. सामाईक लक्ष्य पीसीआरच्या पस्तिसाव्या चक्रानंतर, म्हणजे फार उशिरा, उमटले आणि कोरी नळीही त्याच सुमारास उमटली, तर तो निकाल काहीच सांगत नाही. माझ्या प्रयोगशाळेत अशा वेळी काचपट्टीचा शब्द शेवटचा मानला जातो.

कल्चर बंद करण्याचा विचार मात्र करू नये. रक्त-अगारवर पिथियम बहुधा २४ ते ४८ तासांत सपाट, रंगहीन, कडेला पिसासारखी पसरणारी आणि अगारला घट्ट चिकटलेली वाढ देते. त्या वाढीवर गवताच्या निर्जंतुक पात्याचे तुकडे ठेवून, तंतू चढलेले तुकडे क्षारयुक्त पाण्यात सोडले, की चलबीजाणू पोहताना दिसतात. हे दृश्य आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकदा अवश्य दाखवावे, कारण पाणी आणि हा रोग यांचे नाते त्याने जितके मनावर ठसते तितके कोणत्याही आलेखाने ठसत नाही.

शेवटी पाण्याविषयी. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांचे आणि त्यांखालच्या बांध्यांचे पाणी तपासण्याची आपली इच्छा मला योग्य वाटते, पण एखाद्या रुग्णाच्या निदानासाठी त्याचा उपयोग नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जीवाणूंची मर्यादा आहे, बुरशीची नाही. त्यामुळे निकालाला ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असे नाव देता येणार नाही. गढूळ पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून लवकर जात नाही आणि त्यातील ह्युमिक आम्ले पीसीआरला अडवतात. म्हणून आधी जाड गाळणी, मग बारीक, आणि अभिक्रियेत हा अडथळा कमी करणारे बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन हे प्रथिन घालावे. पाण्यातील डीएनए मेलेल्या जीवाचाही असू शकतो. जिवंत पिथियम हवे असेल, तर थायलंडमधील शेतीक्षेत्रात यशस्वी ठरलेली आमिषाची रीत वापरावी. पाण्याच्या नमुन्यात निर्जंतुक केलेले केस किंवा गवताची पाती तरंगत ठेवावीत आणि चलबीजाणू त्यांवर चढले की ते तुकडे प्रतिजैविक घातलेल्या अगारवर न्यावेत. अशा सर्वेक्षणात रुग्ण ज्या बांधीत काम करत होता तिथले, शेजारच्या बांधीतले आणि वरच्या तलावातले पाणी एकाच दिवशी घ्यावे, बाटल्या थंड न करता त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणाव्यात आणि नमुने रोवणीच्या पंधरवड्यात तसेच पुन्हा निंदणीच्या वेळी गोळा करावेत. दरम्यान रोवणीला जाणाऱ्या मजुरांना, डोळ्याला पाते लागल्यास बांधीतल्या पाण्याने डोळा न धुता घरून आणलेल्या उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा, एवढे आशा सेविकांमार्फत सांगायला सर्वेक्षणाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.